गंगाखेडचं पहिलं गिऱ्हाईक

ही गोष्ट मी लिहिणारच नव्हतो. दोनदा बसलो, अर्धं पान झालं, पुसून टाकलं. वाटायचं, ह्यात हाय काय? एका माणसानं हाटेल काढलं अन् दिवसभर कुणाला चहाच दिला नाही. झालं, संपली गोष्ट. पण ज्यानं मला सांगितली त्यानं अशी सांगितली की ती पाठ सोडीना. कुठंही चहाला बसलो अन् पातेल्यातनं वाफ निघाली, की तिच्यातनं चंद्रभान चालत येताना दिसतो. म्हणून म्हटलं, लिहूनच टाकू एकदाचं.

तर चंद्रभान.

निजामाचं राज्य होतं. स्टेशनावर उर्दूत पाट्या होत्या, अन् मोठी लढाई लागायला अजून अवकाश होता. गंगाखेडात बाजारातनं गंगेच्या घाटाकडं उतरणारी एक गल्ली होती. गंगा म्हणजे गोदावरीच, पण तिकडं तिला गोदावरी म्हणणारा माणूस परगावचा समजावा. गल्लीत कापडाचं दुकान, किराणा, कासाराचं बांगड्यांचं दुकान, पानवाला, घाटाच्या तोंडाशी हळदीकुंकू विकणारी तानुबाई, अन् बरोबर मधोमध व्यंकटरावाचं हाटेल. आडाचं पाणी मचूळ, त्याचा चहा लागायचा मिठवणीसारखा. म्हणून हाटेलाला पाणी गंगेचं. ते आणायचं काम चंद्रभानचं.

पहाटे गंगेवर धुकं असायचं. त्या धुक्यात आधी कावडीची करकर ऐकू यायची. मग फरशीवर पाणी ठिबकल्याचा आवाज. मग कुठं माणूस दिसायचा. लांबडा, हाडकुळा, डोळे अर्धे मिटलेले, जणू झोपेतच पाणी भरायला गेला अन् झोपेतच परत आला. लोक म्हणायचे, चंद्रभान जागा कधी असतो ते त्याच्या आईलाही सांगता आलं नसतं.

पण ह्या झोपाळू माणसाची गल्लीतली सगळी दुकानं वाट बघायची. कारण भवानी.

दिवसातली पहिली विक्री म्हणजे भवानी. पहिल्या गिऱ्हाईकाला रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही, त्याच्याशी घासाघीस करायची नाही. त्यानं दिलेलं नाणं तराजूला लावायचं, डोळ्यांना लावायचं, मग गल्ल्यात टाकायचं. जशी भवानी तसा दिवस. अन् चंद्रभानच्या हाताला बरकत होती, असं सगळी गल्ली म्हणायची.

सुरुवात झाली कापडाच्या दुकानातनं. एका पहाटे चंद्रभाननं तिथं हातभर नाडी घेतली. कशाला घेतली ते त्यालाही ठाऊक नव्हतं, लाल रंग आवडला म्हणून घेतली. अन् उन्हं वर यायच्या आत पालमकडच्या कुणा देशमुखाच्या घरचा लग्नाचा बस्ता येऊन दुकानात बसला. कापडवाला उड्या मारायचाच बाकी राहिला. दुसऱ्या दिवशी किराणावाल्यानं हाक मारली, "चंद्रभान, चिमूटभर मीठ घे बाबा आमच्याकडनं." मग कासारानं, मग पानवाल्यानं. होता होता अशी रीत पडली की कावड ओतून झाली की चंद्रभाननं गल्लीच्या एका टोकाकडनं निघायचं अन् दर दुकानात काहीतरी बारकंसारकं घेत जायचं. नाणं असायचं ते दुकानदारांनीच आदल्या सांजेला त्याच्या हातावर ठेवलेलं. त्याच्या खोलीत नाड्यांचं एक गाठोडं झालं होतं. धोतर नेसणारा माणूस, एवढ्या नाड्या करायच्या काय?

त्याला त्याचं काही नव्हतं. दुकानं उघडतानाचा वास त्याला आवडायचा. नव्या कापडाचा, हिंगाचा, ओल्या पानांचा. त्या वासातनं तो तरंगत जायचा अन् लोक त्याच्या हाताकडं देवाकडं बघावं तसं बघायचे.

आता दुसरा हात सांगतो. तो भुजंगचा.

भुजंग कल्हईवाला. घाटाच्या वरच्या अंगाला पिंपळाखाली त्याची भट्टी. गल्लीतल्या सगळ्या पितळी भांड्यांना कल्हई तोच करायचा, पण सकाळच्या पारी त्याला दुकानाच्या पायरीवर कुणी चढू द्यायचं नाही. त्याचा हात मनहूस, अपशकुनी. एकदा तो किराणावाल्याकडं पहिलाच गुळाला गेला अन् दुपारी तेलाचा डबा फुटून अख्खं दुकान चिकट झालं. पुढं एकदा बायकोला बांगड्या घ्यायला कासाराकडं गेला, त्यानं पैसे दिले अन् पाठीमागं फळी कोसळली. फळी वाळवीनं पोखरलेली होती हे नंतर सगळ्यांनीच बघितलं. पण वाळवीला कोण बोल लावणार? नाव झालं भुजंगचं. तेव्हापासनं सकाळी गल्लीतनं जाताना तो दोन्ही हात काखेत धरून जायचा. तानुबाई लांबूनच म्हणायची, "भुज्या, उन्हं वर येऊ दे रे लेकरा, मग ये." वाईट हेतूनं नाही म्हणायची. पण म्हणायचीच.

अन् हे दोघं जिवाभावाचे दोस्त. दुपारी कावडीला सुट्टी असली की चंद्रभान पिंपळाखाली जाऊन भाता ओढायचा. भांडं लालबुंद तापलं की भुजंग त्यात नवसागर टाकायचा, पांढरा धूर भसकन वर यायचा, अन् त्या धुरात बसून चंद्रभान आपली स्वप्नं सांगायचा.

"भुज्या, हाटेल काढतो म्या."

"कोन, तू? चहा करता येतो का तुला?"

"पानी तर मीच आणतो की. चहात अर्धं पानीच असतंय."

"अन् राहिलेलं अर्धं?"

"ते शिकन." चंद्रभाननं भाता ओढला. "घाटावरच काढायचं बघ. खालच्या पायरीवर. गिऱ्हाईकानं पाय पाण्यात सोडून बसावं. सकाळच्याला धुकं कोणचं अन् चहाची वाफ कोणची ते कळू नये. रेल्वेच्या पुलावरनं गाडी जाईल, आतली माणसं खिडकीतनं बघतील, म्हणतील, अरे, ते बघा, माणसं ढगात बसून चहा प्यायलीत."

"अन् गंगेला पूर आला म्हंजे?"

"म्हंजे आपन वरच्या पायरीवर."

भुजंग हसला. मग हसता हसता थांबला. "चंद्र्या, अन् तुझी भवानी कोन करंल?"

चंद्रभानला हे सुचलंच नव्हतं. स्वतःची भवानी स्वतःला करता येत नाही. तो कितीतरी वेळ आपल्या तळव्याकडं बघत बसला.

पण हाटेलाचं वेड डोक्यातनं गेलं नाही. भुजंगनं एक पातेलं अन् एक किटली जुन्या बाजारातनं धुंडून आणली अन् अशी कल्हई केली की बघत राहावं. दोघांनी एकदमच वाकून पातेल्यात बघितलं, तर आत एकच तोंड दिसलं. कुणाचं ते दोघांनाही ओळखू येईना.

गल्लीत बातमी गेली अन् व्यंकटराव स्वतः चालत आला. अंगावर जाकीट, तोंडात पान.

"चंद्रभान, येड लागलं का तुला? पहाटं तू चूल पेटवशील का आमच्याकडं येशील? आमच्या भवानीचं काय?"

"दुसरा कुणी करंल की मालक."

"दुसऱ्याच्या हाताला बरकत हाय व्हय? अन् ऐक, देणारा हात घ्यायला लागला की बरकत उलटी फिरती. तू गल्ल्यावर बसला की आमचं समद्यांचं नशीब तुझ्या गल्ल्यात वढलं जाईल. हाय का न्हाई तानुबाई?"

तानुबाई कुंकवाचे ढीग सारखे करत होती. तिनं मान वर केली नाही. "व्यंकटराव, नशीब वढलं जाईल का गिऱ्हाईक, ते एकदा खरं सांगा की!"

व्यंकटराव पिंक टाकून निघून गेला. पण त्याचं बोलणं गल्लीत राहिलं. अन् चंद्रभानच्या मनातही राहिलं, कारण खरं सांगायचं तर भवानीवर सगळ्यात जास्त विश्वास कुणाचा असेल तर त्याचाच होता. नव्या दुकानाची पहिलीच भवानी म्हणजे बारशासारखी. पुढचा जन्म तिच्यावर. गल्लीतलं दर नवं दुकान त्याच्या हातानं उघडलेलं होतं. आता त्याला स्वतःसाठी तसलाच एक हात पाहिजे होता. एकच. चांगला. नाहीतर हाटेल जन्माला येतानाच लंगडं व्हायचं.

मार्गशीर्षातली अवस. त्या दिवशी हाटेल उघडलं.

खालच्या पायरीवर चूल, दोन बाकडी, वर कांबट्यांवर ताडपत्री. पहाटे कावड करकरली, पण घागरी गल्लीत गेल्या नाहीत, तिथंच उतरल्या. दूध चढलं. गूळ, आलं, चहाची भुकटी. वास सुटला अन् धुक्याला धरून घाट चढत गल्लीत गेला. वासामागं माणसं आली. कापडवाला आला, कासार आला, पानवाला विडे घेऊन आला, तानुबाईनं चुलीला कुंकू लावलं. व्यंकटरावसुद्धा आला. सगळे बाकड्यांवर बसले. पातेल्याचं कौतुक केलं, जागेचं कौतुक केलं.

चहा कुणीच मागितला नाही.

कासारानं पानवाल्याकडं बघितलं. पानवाल्यानं कापडवाल्याकडं. कापडवाल्यानं गंगेकडं.

"घ्या की मंडळी," चंद्रभान म्हणाला.

"घ्यायचाय रे," कापडवाला म्हणाला. "पन आमची भवानी व्हायची हाय अजून, तिच्याआधी हातचा पैसा कसा सोडावा? तू आधी वर येऊन जा. मग आमी घेतो."

"चूल सोडून कसा येऊ?"

"मग आमी तरी आमचं नशीब सोडून कसं घ्यावं? तूच सांग."

त्यात राग नव्हता. लोक उठले, त्याच्या पाठीवर हात ठेवला, अन् एकेक करून धुक्यात विरघळल्यासारखे वर गेले. तानुबाई शेवटी उठली. तिला काहीतरी बोलायचं होतं. पण तिच्या पाटीचीही भवानी व्हायची होती. तीही गेली.

मग अवसेच्या आंघोळीला आलेली खेड्यापाड्याची माणसं. पोखर्णीकडची असतील, कुठली असतील. गार पाण्यातनं दातावर दात वाजवत निघाली अन् थेट चुलीपाशी आली.

"ओ हाटेलवाले, चार कप द्या बगा लवकर. कुडकुडून मरायलोत."

चंद्रभानचा हात किटलीकडं गेला अन् तिथंच थांबला. त्यानं माणसाच्या हाताकडं बघितलं. गारठलेला, निळा पडलेला, अनोळखी हात. कसा हाय कुणाला ठाऊक?

"जरा थांबता का पाव्हणं? भवानी व्हायची हाय."

"अहो मग आमीच करतो की भवानी!"

"तसं न्हाई. तुमी दुसरं गिऱ्हाईक. पहिलं यायचं हाय."

माणसं एकमेकांकडं बघून हसली. "हे बगा, हाटेल हाय का नवरीचा मांडव? नवरदेव यायचा हाय म्हनं!" अन् अंग चोळत वर गेली, व्यंकटरावाकडं. त्यांच्यामागं दुसरा घोळका आला, त्यालाही चंद्रभाननं हात जोडून वाट दाखवली. मग तिसरा. व्यंकटरावाच्या हाटेलात पाय ठेवायला जागा राहिली नाही. उन्हं तापायच्या सुमाराला तो घामाघूम होऊन घाटाच्या वरच्या पायरीवर आला अन् ओरडला, "चंद्रभान! तुझी भवानी न्हाई तरी असला धंदा आजवर झाला न्हाई रे!"

"मग बरकत माझ्या हाताची नव्हतीच की मालक!"

व्यंकटरावानं क्षणभर विचार केला. "आसं कसं? गिऱ्हाईक धाडलं कुनी? तुझ्याच हातानं धाडलंस ना!" अन् हसत परत गेला.

धुकं गेलं. गंगा उघडी पडली, वाळूचे पट्टे चकाकायला लागले. दूध आटत होतं. चंद्रभान पाणी घालायचा, परत आटायचं. चहाचा रंग आधी मातीसारखा झाला, मग काथासारखा. चुलीची ऊब, पाण्याची झुळझुळ. त्याचे डोळे मिटले.

त्याला दिसलं, धुक्यातनं कावड घेऊन कुणीतरी येतंय. लांबडा, हाडकुळा. जवळ आला तर तो स्वतःच. आलेल्या चंद्रभाननं कावड उतरवली अन् म्हणाला, "एक कप द्या." चुलीपाशी बसलेल्या चंद्रभानला इतका आनंद झाला की सांगू नये. त्यानं हात पुढं केला. समोरच्यानंही केला. समोरच्याच्या तळव्यावर नाणं नव्हतं, रेषाही नव्हत्या. नुसती ओल. कावडीच्या घागरीतनं ठिबकून आलेली साधी ओल. "एवढंच हाय माझ्याकडं," समोरचा म्हणाला, "कायम एवढंच हुतं."

चंद्रभान दचकून जागा झाला. पुलावरनं गाडी चालली होती, धडधड पाण्यावर पसरत होती. ती थांबली अन् मग त्याच्या लक्षात आलं की काहीतरी ऐकू येत नाही. सकाळपासनं भाता वाजलाच नव्हता. अन् सकाळपासनं सगळं गाव येऊन गेलं होतं, भुजंग आला नव्हता.

त्यानं चूल तशीच सोडली अन् घाट चढून पिंपळाकडं गेला.

भट्टी थंड होती. भुजंग गंगेकडं पाठ करून बसला होता अन् एक चकचकीत घासलेलं तांब्याचं भगुणं परत घासत होता.

"आला काहून न्हाईस रे?"

"यायलोच हुतो." भुजंगनं भगुणं खाली ठेवलं नाही. "कुणाची तरी भवानी झाली की येणार हुतो. सकाळपसनं कानोसा घ्यायलोय. कप वाजला का, कप वाजला का म्हणून. भातासुदिक वढला न्हाई, म्हटलं त्याच्या आवाजात ऐकू यायचं न्हाई."

"न्हाई झाली भवानी."

"अवसेची एवढी माणसं! एकानं बी घेतला न्हाई?"

"म्याच दिला न्हाई."

भुजंगनं आता वळून बघितलं. "येडा हाईस का चंद्र्या? कामून?"

 चंद्रभान तिथंच खाली बसला. सकाळी अख्खी गल्ली त्याच्या बाकड्यावर येऊन आपापली बरकत सांभाळून गेली होती. अन् हा एकटा इथं पाठ करून बसला होता, चंद्रभानची सांभाळत. कान मात्र घाटाकडं.

"चल," चंद्रभान म्हणाला.

"कुठं?"

"चहाला."

भुजंगला कळलं अन् तो मागंच सरला. "न्हाई. ए, न्हाई. तुला मालूम हाय ना माझा हात? त्या कासाराची फळीच पडली. तुझं तर छप्पर बी ताडपत्रीचं. वाटोळं हुईल तुझं. गंगा वर यील."

"येऊ दे. तिला बी पाजू एक कप."

"मस्करी न्हाई करायलो म्या!"

"म्या तरी कुठं करायलोय? दिवसभर वाट बगायलो, भुज्या. आता ऊठ."

"दुसऱ्या कुणाला तरी पाज आधी. तानुमावशीला पाज. मग मी धा कप पितो."

"दुसऱ्या कुणाची वाटच न्हाई बगितली," चंद्रभान म्हणाला. खरं तर हे त्याला बोलल्यावरच कळलं.

भुजंग बराच वेळ उठला नाही. मग उठला तेव्हा चंद्रभाननं त्याचा हात मनगटाला धरला होता, लग्नात पोराला बोहल्यावर नेतात तसा. दोघं गल्लीच्या तोंडावरनं घाट उतरले. दिवेलागण होत आली होती. तानुबाई पाटी आवरत होती, तिनं बघितलं अन् तिचे हात कुंकवातच राहिले. "अगं बया, भुज्याच्या हातनं?" कापडवाला दुकानाबाहेर आला. कासार आला. व्यंकटराव पायरीवर आला. 

चंद्रभाननं चहा गाळला. कप भरला. भुजंगनं दोन्ही हातांनी कप धरला, तरी बशीत सांडला. एक घोट घेतला अन् त्याचं तोंड वेडंवाकडं झालं.

"चहा हाय का बाळंतिणीचा काढा?"

"सकाळपसनं उकळायलाय. पी गुमान."

वर कुणीतरी खुदकन हसलं. भुजंगनं कप संपवला, तळाचा गाळसुद्धा प्यायला, अन् कनवटीचं नाणं काढून चंद्रभानच्या तळव्यावर ठेवलं. ठेवलं अन् हात असा झटक्यात मागं घेतला, जणू भाजला. चंद्रभाननं ते नाणं किटलीला लावलं. मग डोळ्यांना लावलं, अन् तसंच धरून राहिला.

फळी पडली नाही. गंगाही वर आली नाही. पण वर उभी राहिलेली माणसंही खाली आली नाहीत. एकेक पाय हळूच मागं वळला, दुकानांच्या फळ्या लागल्या. पाण्यावर परत धुकं धरायला लागलं होतं. बाकडी ओली झाली, चुलीतला विस्तव धुक्यात नुसता तांबडा डाग होऊन राहिला. दोघं खालच्या पायरीवर पाय सोडून बसले.

"बगितलंस?" भुजंग म्हणाला. "कुणी आलं न्हाई. उद्या बी यायचं न्हाई. अन् मग समदे म्हणतील, भुज्यानं भवानी केली अन् हाटेल बुडवलं. म्हणू देत मला, सवय हाय. पन तू म्हणशील का रे, चंद्र्या? आज न्हाई. वर्सांनी. उपाशी बसलास म्हंजे?"

चंद्रभाननं मान वळवून त्याच्याकडं बघितलं. त्याचे डोळे पहिल्यांदाच पुरते उघडे होते.

"ऐक," तो म्हणाला. "हे हाटेल चाललं तर जो यील त्याला सांगन, पहिला कप भुजंगनं प्याला. अन् बुडलं, तर सांगन, चहा वाईट करत हुतो, म्हणून बुडलं. तुझ्या हातावर कवाच ढकलणार न्हाई. गंगेची आन."